डॉक्टरच्या दिवसाचे विडे

बाबा, काल कॉलेजात मुलींचं प्रॅक्टिकल होतं आणि अ‍ॅनिलीनची बाटली मलाच उघडावी लागली. आमच्या लॅब असिस्टंटला त्या वासानं मळमळतं, म्हणून दरवर्षी ते काम माझ्याकडे येतं. बूच फिरवल्यावर आधी काहीच जाणवत नाही, मग हळूहळू वर येतो तो तेलकट, कुजकट, जरासा गोड वास. मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. एक म्हणाली, "मॅडम, सुकटीसारखा येतोय ना?" बरोबर होतं तिचं. मी मान हलवली आणि थेंब मोजत राहिले. हा माझ्या बापाचा वास आहे, हे काही मी तिला सांगितलं नाही. रोज संध्याकाळी तुम्ही उंबऱ्याबाहेर चपला काढायचात आणि तो तुमच्याआधी घरात शिरायचा. तुमच्या शर्टाला, मानेला, उशीच्या अभ्र्याला तो होता, आणि आईनं रिठे लावून लावून हात सोलून घेतले तरी अभ्र्यातून गेला नाही. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंत होतात तोवर तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, आता गपगुमान ऐकून घ्या.

तुम्ही सातवी पास. तरी बेंझिनचं अ‍ॅनिलीन कसं होतं हे मला कुठल्याही प्राध्यापकानं तुमच्याइतकं नीट सांगितलेलं नाही, एवढं मोठेपण तुम्हाला देऊन टाकते. मी पाचवीत होते. किन्हवलीच्या आपल्या घरात, चुलीसमोर बसून तुम्ही आईची दोन पातेली ओढून घेतलीत. "ह्यात बेंझिन. दिसतं पान्यावानी, पन पानी नाय. त्यात दोन अ‍ॅसिडं मिसळून थेंबथेंब सोडायची. ते आतनं तापतं, म्हनून भाईरनं गार पानी फिरवत ऱ्हायचं. घाई केली का भांडंच उडालं." मग पिवळं नायट्रो तयार झालं. ते दुसऱ्या पातेल्यात गेलं, तिथं लोखंडाचा कीस, आणि खाली बसणारा काळा गाळ दाखवायला तुम्ही त्यात मूठभर राख टाकलीत. वाफेबरोबर जे निघून येतं ते अ‍ॅनिलीन, आणि ते टँकरमधून रंगाच्या कारखान्यांकडे जातं. "तुज्या फ्रॉकाचा लाल रंग हाय ना, तो आमच्या मुरबाडातनं निघतो बघ." मी तो फ्रॉक तीन दिवस अंगातून काढला नाही. आईनं राखेचं पातेलं पाहून कपाळाला हात लावला, कारण आमटी त्यातच व्हायची होती.

कंपनीत तुमच्या नाकाचा मोठा बोलबाला होता. कुठला पंप गळतोय, कुठल्या झाकणाचा बोल्ट ढिला झालाय, हे तुम्ही शेडच्या दारातून सांगायचात. नवे इंजिनिअर वहीत आकडे लिहीत बसायचे आणि शेवटी तुम्हालाच विचारायला यायचे. "मीटर खोटं बोलंल, नाक नाय बोलनार," हे तुमचं ठरलेलं वाक्य. सहावीत असताना एकदा मला बरोबर घेऊन गेलात, कशासाठी ते आठवत नाही. गेटच्या आत पाऊल टाकलं आणि माझं डोकं धरलं. तुम्ही हसलात. "पयल्या दिशी सगळ्यांचंच धरतं, मग सवय व्हते." नळापाशी एक जण कोपरापर्यंतचा काळा चिकटा डब्यातल्या बेंझिननं धूत होता, साबणापेक्षा झकास निघतं म्हणत होता. रबरी हातमोजे कपाटात होते, नवेकोरे, घडी न मोडलेले, तपासणीवाले आले की तेवढ्यापुरते बाहेर निघायचे. आणि प्लांटवरच्या सगळ्यांचे ओठ मला जांभळं खाल्ल्यासारखे दिसले. मला वाटलं, कंपनीच्या आवारात जांभळाचं मोठं झाड असणार, आणि मी जाताना ते शोधत होते.

ओठ निळे का पडतात, ते तुम्ही मला सांगितलंत तेव्हा "रक्ताला जरा रंग चढतो" एवढंच सांगितलंत. दोन दिवस सुटी मिळाली की उतरतो. पण महिन्यातून एकदा कंपनीचा डॉक्टर यायचा. टाइम ऑफिसात खुर्ची टाकून बसायचा, प्रत्येकाची खालची पापणी ओढायचा, ओठ बघायचा, नखं बघायची की पुढचा. ज्याचे ओठ निळे त्याला प्लांटवरून काढून यार्डात टाकायचे, रिकामी पिंपं लोटायला. जो कंत्राटी त्याला तर उद्यापासून येऊ नको म्हणूनच सांगायचे. आता, शहाण्या माणसानं यातून काय शिकावं? की गळती थांबवावी, हातमोजे घालावेत. तुम्ही काय शोधून काढलंत? विडा. डॉक्टरच्या दिवशी सकाळी कात जास्त घातलेला विडा चघळायचा, म्हणजे ओठ, जीभ, सगळं लालेलाल. नखांना पंपाचं ग्रीस फासायचं, म्हणजे तीही काळीच. डॉक्टरला काय, समोर पानखाऊ, मळकट कामगार दिसला म्हणजे झालं. तुमच्या सगळ्या शिफ्टनं तुम्हाला डोक्यावर घेतलं.

हे विडे आपल्या घरी लागायचे. पहिल्या वेळी तुम्ही आईला सांगितलंत. आई पाटावर बसली, पानांना हात लावला, आणि उठली. "कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातं का?" म्हणाली. "माज्या हातानं ह्ये व्हनार नाय." तुम्ही तिच्यावर आवाज चढवला नाहीत, कधी चढवायचा नाहीतच. वळून मला हाक मारलीत. मी बारा वर्षांची होते. कात पाण्यात कढवून घट्ट कसा करायचा, चुना बोटाच्या पेरावर किती घ्यायचा, शीर कुठून काढायची, सुपारी किती बारीक, विडा दुमडून लवंग कशी टोचायची, हे सगळं तुम्ही मला शेजारी बसून शिकवलंत. दर महिन्याला वीस-बावीस विडे मी ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात भरून द्यायची. संध्याकाळी तुम्ही यायचात आणि सांगायचात, "सगळी पोरं पास झाली गो. तुज्या हातचा विडा रंगतो." शाळेत माझा नंबर यायचा त्याचं तुम्ही कधी एवढं कौतुक केलं नाहीत. मी वर्षानुवर्षं त्या दिवसाची वाट पाहिली आहे, बाबा. हे लिहिताना मला माझीच किळस येते आणि तिचं कारण तुम्ही आहात.

मी कॉलेजात जायला लागले त्या वर्षी मामा आला. आईचा धाकटा भाऊ, शेणव्याच्या वरच्या अंगाला डोंगरातला पाडा, चार खाचरं भाताची आणि बाकी जंगल. लग्नाला दोन वर्षं झालेली, मामीच्या पोटात पहिलं मूल. तुम्ही त्याला कंत्राटात चिकटवलंत आणि तो आठवडाभर आपल्याकडे राहून शनिवारी पाड्यावर जायला लागला. मामा घरात असला की घर मोठं वाटायचं. येताना पानाच्या द्रोणात करवंदं आणायचा, आईला चिडवायचा, मला 'बाय' म्हणायचा. पण त्याला ते काम मानवलं नाही. तुमचे ओठ आठवड्यानं निळे व्हायचे, त्याचे दोन दिवसांत. डोकं धरून बसायचा, दोन जिने चढला की धाप लागायची. तरी थट्टा चालूच. "बायको म्हनते, येकला येकला जांभळं खाऊन येतोस, मला कशाला नाय आनत? आता हिला कुठलं जांभूळ दाखवू?" आपण सगळे हसायचो. तुम्हीही हसायचात, आणि तुम्हाला तर ठाऊक होतं.

त्याआधी बारावीला मला केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले तेव्हा तुम्ही मला पांढरा कोट आणून दिलात. कंपनीच्या लॅबमधला, कुणीतरी सोडून गेलेला, खिशावरचं नाव उसवून काढलेलं, तिथे दोऱ्याची भोकं तेवढी राहिलेली. आईनं तीनदा धुतला. मी तो घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, नाक पुसलंत. तो कोट घालून मी शहापूरच्या कॉलेजात जायला लागले. सकाळी तुमची एसटी मुरबाडकडे, माझी शहापूरकडे, स्टँडवर आपण दोघं आमनेसामने उभे असायचो. पहिल्याच वर्षी आमच्या मॅडमनी अ‍ॅनिलीनची बाटली उघडली. बेंझिन आणि त्याची सगळी पिल्लावळ, तिला अरोमॅटिक म्हणतात, म्हणजे वासाची, असं त्या सांगत होत्या आणि पोरं खिदळत होती. आपल्या उशीचा अभ्रा त्या बाटलीत होता. मॅडम म्हणाल्या, कातडीवर पडू देऊ नका, कातडीतून आत जातं. रक्त प्राणवायू धरेनासं होतं. ओठ निळे दिसायला लागले की समजायचं, माणूस आतल्या आत गुदमरतोय. उन्हाळ्यात, घामात, आणखी लवकर. मग त्याच अ‍ॅनिलीनचा रंग करून बघायचा होता; बर्फात ठेवलेल्या परीक्षानळीत मी दुसरं द्रावण ओतलं आणि झर्रकन नारिंगी-लाल रंग उमटला. सगळ्या वर्गात माझा रंग सगळ्यात चांगला आला. मॅडमनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही भाकरी खात होतात, मामा अजून मोरीत हातपाय धूत होता. मी सांगितलं की हा रंग चढणं नाही, हे विष आहे, आणि मामाला यार्डात टाकायला सांगा, निदान उन्हाळाभर. तुम्ही घास खाली ठेवलात. "तुज्या मास्तरणीनं कदी प्लांट बघितलाय?" "नाही." "तिच्याकडं वीतभर बाटली. माज्याकडं टाक्या हायत. अठरा वर्सं झाली. मेलो काय मी?" मी म्हणाले, मामाचं अंग तुमच्यासारखं नाही. तेव्हा तुम्ही ते बोललात. "कोट कोनी दिला तुला? त्या प्लांटनंच ना? मग त्या कोटात बसून नाकानं कांदे सोलू नको. शिकलीस, बरं झालं. बापाला शिकवायची नाय." मामा टॉवेलनं तोंड पुसत आला होता. तुम्ही त्याच्याकडे न पाहता म्हणालात की पर्मनंटची यादी पुढल्या महिन्यात लागणार, त्यात त्याचं नाव आहे, आणि यार्डात गेलेल्याचं नाव राहत नाही. मामा माझ्याकडे पाहून हसला. "ऱ्हाऊ दे गो बाय. येक महिना. मग मी पन साहेबासारखा मोजे घालीन." आई भांडी घेऊन बाहेर गेली. त्यानंतर चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही.

पाचवा दिवस डॉक्टरचा होता. वैशाखातली उकड होती, सकाळी आठलाच अंगाला पाणी सुटत होतं. आदल्या दिवशी पंपाची गळती मामाच्या अंगावर आली होती आणि तो ओल्या शर्टानं शिफ्ट संपवून आला होता, हे तुम्हीच आईला सांगितलंत, अगदी सहज, सांडलेल्या चहाबद्दल सांगावं तसं. मामाचे ओठ त्या सकाळी निळेसुद्धा नव्हते. राखाडी होते, पाटीसारखे. कान तसेच. तुम्ही मला विडे लावायला सांगितलंत. मी नाही म्हणाले. मी कोट घातला होता, मला एसटी गाठायची होती. तेव्हा तुम्ही स्वतः पाटावर बसलात, स्वतःच्या हातानं विडे लावलेत, आणि मामाला एक तोंडात आणि एक खिशात दिलात. मामाच्या नखांना ग्रीसही तुम्हीच फासलंत, घरूनच, म्हणजे विसरायला नको. मामा हात पुढे करून बसला होता.

डॉक्टरनं पास केलं. बाकीचं मला तुमच्या जोडीच्या ऑपरेटरनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तुम्ही तर कधीच नाही. मामाला पुन्हा त्याच पंपावर लावलं. जेवणाच्या सुट्टीत तो जेवला नाही, डबा तसाच ठेवला, खिशातला विडा तेवढा खाल्ला. दोनच्या सुमाराला त्याला चालताना झोकांड्या जायला लागल्या आणि लॉकरपाशी पडला. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तोंडात बघितलं तर ओठ, जीभ, सगळं लालभडक. त्याला वाटलं ऊन लागलं. त्यानं सलाईन लावलं, ओल्या पंचानं अंग पुसायला सांगितलं. तुम्ही बाजूला उभे होतात, बाबा. तुम्ही एका शब्दानं सांगितलं असतंत की हा लाल रंग काताचा आहे, तर त्यानं नखं धुऊन पाहिली असती. पाऊण तास गेला. मग नर्सनं रक्त काढलं आणि ती घाबरून ओरडली, कारण ते लाल नव्हतं. कढवलेल्या कातासारखं तपकिरी होतं. तेव्हा कुठं तुम्ही तोंड उघडलंत. त्याच्यावर इंजेक्शन असतं, मी नंतर वाचलं, तेही एक रंगच असतो, निळा, याच बेंझिनच्या घराण्यातला. त्या दवाखान्यात ते नव्हतं. कल्याणला न्यायला जीप काढली आणि मामा वाटेतच संपला.

पाड्यावर त्याला आणलं तेव्हा मीही होते. मामी सात महिन्यांची, तिला दोघींनी धरलं होतं. ती रडत नव्हती, नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. मग एकदम म्हणाली, "ह्ये पान खात नव्हते. घरी कदी खाल्लं नाय. ह्यांच्या तोंडात पान कुनी घातलं?" तिनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "मी इचारते, कुनी लावलं ह्ये पान?" तुम्ही पुढं झालात आणि म्हणालात, "मी." मामी तुमच्या अंगावर धावली नाही की काही नाही. म्हणाली, "पुन्ना ह्या पाड्यात पाय टाकू नका." तुम्ही टाकला नाहीत. पुढं त्या अंगाला कुणाचं लग्न असलं, मयत असलं तरी तुम्ही शेणव्यावरून माघारी फिरायचात. आईनं त्या दिवसापासून तुमचं ताट वाढलं आणि ती ओट्यावर जाऊन बसली. तुम्ही मरेपर्यंत एकटे जेवलात. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही, मी आत बसून पुस्तक वाचायची.

एवढं पुरे होतं. पण तुम्ही थांबला नाहीत. आठ दिवसांनी चौकशी आली तेव्हा तुम्ही लिहून दिलंत की मयत सकाळी घरूनच दारू पिऊन कामावर आला होता. मामा! ज्याला हळदीच्या रात्रीसुद्धा कुणी प्यालेला पाहिला नाही. तुमच्या मागोमाग शिफ्टमधल्या सगळ्यांनी तेच लिहून दिलं. विड्यांचा 'व' कुठल्या कागदावर आला नाही. मामी पोट घेऊन कंपनीच्या गेटवर दोनदा गेली आणि दोनदा तिच्या तोंडाला पानं पुसून तिला परत पाठवलं. तिचा मुलगा आता कसाऱ्याला रेल्वेत गँगमन आहे. त्याच्या लग्नात कुणीतरी म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं, बाप तुझा चांगला होता रे, पण दारूनं खाल्ला. मी तिथंच बसले होते, हातात अक्षता. तुमच्या एका सहीनं केलेलं आहे हे. माणूस मारलात तो मारलात, वर त्याचं नाव पण काळं केलंत. तुम्ही नोकरी वाचवायला हे केलंत असं मी आईला सांगत आले, मामीला सांगत आले, माझ्या नवऱ्याला सांगत आले. आणि तुमची नोकरी वाचलीसुद्धा. त्या कोटाच्या मी चिंध्या केल्या, चुलीपुसणं म्हणून वापरल्या, तुमच्यासमोर.

शेवटी शेवटी तुमच्या लघवीतून रक्त जायचं. तुम्ही दोन महिने ते बीट खाल्ल्यामुळं म्हणून दडवलंत. आपल्या घरात बीट कधी आलं होतं? सवय जात नाही माणसाची. मूत्राशयात गाठ निघाली तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करायचे, मी सांगितलं, तर त्यांनी ते कागदावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या वॉर्डात तुम्ही हाडाचा सापळा होऊन पडला होतात, आणि एका दुपारी माझ्याकडे बघून म्हणालात, "येक विडा लाव गो. तोंडाला चव नाय." मी म्हणाले, "मी विडे लावत नाही." मग म्हणालात, "बरं." दुसऱ्या कुणाला मागितला नाहीत. तीन दिवसांनी गेलात. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणून तुमचा आणखी राग आला.

तर आता ऐका. हे पत्र मी जुन्या जर्नलांच्या कोऱ्या पानांवर लिहितेय आणि लिहून झालं की रद्दीत घालणार आहे. तुमचा पत्ता नाही, म्हणून मला वाटलं होतं की निदान तुम्हाला लिहिताना तरी खोटं बोलायची गरज पडणार नाही. तरीही हात चुकला. वर मी लिहिलंय की त्या सकाळी मी नाही म्हणाले आणि तुम्ही विडे लावलेत. इतकी वर्षं हेच सांगतेय, आता ते मला आठवतंसुद्धा तसंच. पण तुम्ही पाटावर बसला नव्हतात. आई विहिरीवर गेली होती. तुम्ही डबा घेऊन माझ्यासमोर उभे राहिलात, चार दिवसांनी पहिल्यांदा बोललात, "लाव गो, तुज्या हातचाच रंगतो," आणि मला इतकं बरं वाटलं की मी कोटाच्या बाह्या वर सारून बसले. मामाचे ओठ मी बघितले होते. मॅडम काय म्हणाल्या ते मला पाठ होतं. मी कात नेहमीपेक्षा जास्त घातला. ग्रीस मात्र तुम्हीच फासलंत, तेवढं खरं आहे.

आणि दुसरा विडा, खिशातला. तुम्ही माणशी एकच सांगितला होता. दुसरा मी माझ्या मनानं बांधला, कारण मामा म्हणाला, "बाय, ह्यो लई भारी झालाय." जेवल्यावर खा म्हणून मीच दिला. त्या विड्यानं पाऊण तास खाल्ला. तुम्हाला हे माहीत होतं, तुम्ही समोर उभे होतात. मामीनं विचारलं तेव्हा मी तुमच्या मागे, तुमच्या शर्टाला चिकटून उभी होते, आणि तुम्ही "मी" म्हणालात. आईला सांगितलं नाहीत. एकटे जेवलात आणि सांगितलं नाहीत. विड्यांची चौकशी झाली असती तर विडे कुणी लावले तेही निघालं असतं, हे मला चाळिशीत सुचलं, त्याआधी नाही. त्या दारूच्या सहीचं मी तरीही माफ करत नाही. मामाचं नाव काळं करून मला वाचवा असं मी तुम्हाला म्हटलं नव्हतं.

आई आता माझ्याकडेच असते. दिवाळीला मामी चार दिवस राहायला येते, दोघी ओट्यावर बसून तुम्हाला शिव्या घालतात. मी आतून चहा नेऊन देते, आणि मीसुद्धा दोन घालते.